घर कुणी सोडायचं

सातारा, १२ जून २०२३

राजेश्वरी,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो आहे. तीन आठवडे रिंग तरी जायची, आता तीही जात नाही. शेजारच्या रेश्माला विचारलं, तर म्हणाली, काका, तिनं तुमचा नंबर बंद करून ठेवला असंल. तुझ्या मिरजेच्या हॉस्टेलचा पत्ता तिच्याकडूनच मिळवला. ती द्यायला तयार नव्हती. तिच्यावर रागावू नकोस. मी तिच्या दारात उभा राहिलो आणि पत्ता मिळेपर्यंत हललो नाही.

तू लहान होतीस तेव्हा मी सिक्कीममधून पत्र टाकायचो आणि तू उत्तर द्यायचीस. 'पप्पा तुम्ही कसे आहात, मी बरी आहे.' तेवढंच लिहायचीस, पण लिहायचीस.

आता कामाचं. तुझ्या आईनं मला वकिलाची नोटीस पाठवली. एकाच घरात राहून पोस्टानं. पोस्टमननं गेटवर हाक मारली, मी सही करून पाकीट घेतलं. वाटलं, पेन्शनचं काहीतरी असेल. तिथंच उभा राहून वाचलं. एक, तिला घटस्फोट हवा आहे. दोन, निकाल लागेपर्यंत मी गोडोलीचं हे घर सोडून दुसरीकडे राहावं. आत तिचं शिलाई मशीन चालू होतं. मी नोटीस घेऊन मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो, तरी ते थांबलं नाही.

मी विचारलं, "कुठं जाऊ मी?"

"चोवीस वर्षं होताच की कुठंतरी," ती म्हणाली आणि दोरा तोडला.

ही काय बोलायची रीत झाली? चोवीस वर्षं मी हवा खायला गेलो नव्हतो. हे घर माझ्या नोकरीवर उभं राहिलं. ती म्हणते, पाया खणला तवा तुमी लडाखला, स्लॅब पडला तवा तुमी आसामात, भिंतींना पाणी मी मारलं. बरोबर आहे, मारलं. पण मी तिकडं होतो म्हणूनच इकडं पाणी मारायला भिंती होत्या.

वकिलाला भेटून आलो. त्यांनी एकच गोष्ट बजावली. काही झालं तरी घर सोडू नका, एकदा बाहेर पडलात की परत आत यायला वर्षं जातील. तिच्याही वकिलानं तिला हेच सांगितलं असणार, कारण महिनाभर ती आष्ट्याला माहेरी गेलेली नाही. मीही गावाकडे पुतण्याच्या साखरपुड्याला गेलो नाही. आबांनी, थोरल्या भावानं, तीनदा फोन केला, मी ताप आलाय म्हणून सांगितलं. मी पुढच्या खोलीत राहतो, ती मागच्या. स्वयंपाकघर मध्ये आहे, तिथं आमच्या वेळा ठरल्या आहेत.

तू आता कमावती आहेस, नर्स आहेस, रोज दहा माणसं बघतेस. आईला समजाव. तिचा माझ्यावरचा राग आष्ट्याची आजी गेल्यापासूनचा आहे. जसं काही म्हातारीला मीच मारलं. लॉकडाऊन होतं, मी काय करणार होतो? बाकी मी तिच्या अंगाला कधी हात लावलेला नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुझे पप्पा


सातारा, २७ ऑगस्ट २०२३

राजेश्वरी,

पत्र मिळालं असेल. उत्तर दिलं नाहीस, हरकत नाही. आई तुला रोज फोनवर सांगत असणार, म्हणून माझी बाजूही तुझ्या कानावर घालतो.

पाण्याचं ऐकलं असशील. टाकी रोज भरून वाहायची, शेवटी मी मोटरच्या बटणावर लोखंडी पेटी बसवली आणि कुलूप घातलं. सकाळी सहा ते साडेसहा मोटर चालू असते, तेवढ्यात ज्यानं त्यानं भरून घ्यावं. यात काय जुलूम आहे? पलटणीत आम्ही दोन मग पाण्यात दाढी आणि आंघोळ उरकायचो. गेल्या मंगळवारी तुझी आई उशिरा उठली. तिला ताप होता म्हणे, मला कसं कळणार? मग दोन कळश्या घेऊन रेश्माच्या दारात गेली. सगळ्या गल्लीनं बघितलं. मला वाटतं, तेवढ्यासाठीच गेली.

गेटचं म्हणशील, तर आठला कुलूप हा नियम मी रिटायर होऊन आलो तेव्हापासूनचा आहे. आणि मशीन मागच्या खोलीत हलवलं त्याचं सांगतो. पूर्वी ते हॉलमध्ये होतं. सातनंतर बायका ब्लाऊज न्यायला यायच्या आणि तासतासभर बसून हसायच्या. मी आत आलो की गप्प व्हायच्या. मी कुणाला कधी बसू नका म्हटलं नाही. मशीन फक्त मागं नेलं. मग त्या आपोआप यायच्या बंद झाल्या.

गेल्या रविवारी तुझा मामा आला होता. आप्पासो माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण त्या दिवशी एखाद्या पंचासारखा खुर्चीवर बसला. मी माझ्या स्टोव्हवर चहा केला, तो त्यानं घेतला नाही. म्हणाला, "दाजी, सहा म्हैनं गावाकडं ऱ्हावा. कोर्टात काय व्हायचं ते होऊ द्या. घर काय पळून जात न्हाई."

मी म्हटलं, मग तुझ्या बहिणीलाच ने आष्ट्याला.

"अक्का यायला तयार हाय. मीच नगं म्हणालो. ती आली की तुमी कुलूप बदलणार. व्हय का न्हाई, सांगा."

मी त्याचा चहाचा कप उचलला. तुझ्याशी खोटं कशाला बोलू, नवीन कुलूप मी आणूनच ठेवलं होतं.

जाताना गेटपाशी तो थांबला. म्हणाला, आईच्या टायमाला तुमी अक्काला सोडलं न्हाई ते मी इसरलो न्हाई, पर आज ते काढत न्हाई. मग मोटरसायकल सुरू करून गेला. त्याला निदान जेवून जा म्हणायला हवं होतं, पण जेवायला घालणार कुठलं. माझ्या खोलीत भात होता आणि लोणचं.

तू एकदा ये. तू आलीस की घरात जरा बोलणं तरी होईल.

तुझे पप्पा


सातारा, ६ डिसेंबर २०२३

राजेश्वरी,

तू आलीस, पण घरी नाही. कोर्टात आलीस.

तुझं प्रतिज्ञापत्र काल वाचलं. वकिलांनी प्रत दिली आणि म्हणाले, शांतपणे वाचा. कोर्टाच्या आवारात गाड्या लावतात तिथं उभा राहून वाचलं. चार पानं. मराठी चांगलं लिहितेस.

त्यात कॅलेंडरचं लिहिलं आहेस. मी सुट्टीवर आलो की तू स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर माझ्या परत जाण्याच्या तारखेला लाल टिंब काढायचीस, ते मी एकदा पाहिलं होतं. तू तेव्हा तिसरीत. मी पलटणीत जाऊन सगळ्यांना सांगितलं, पोरगी आत्तापासून दिवस मोजती, बाप जाणार म्हणून हिचा जीव तुटतो. एका शीख सुभेदाराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते ऐकून. आणि तू लिहितेस, 'त्या दिवसाची आम्ही दोघी वाट बघायचो.'

हे कोर्टात लिहायची गरज होती का? टिंबावरून कुणी कुणाला घराबाहेर काढतं का?

दुसरं ते एक्स-रेचं. तू लिहिलंस की दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात आईचा मनगटाजवळ हात मोडला, तेव्हा आईनं तुला फोनवर बाथरूममध्ये पडले असं सांगितलं. मग तिसऱ्या वर्षाला सुट्टीत घरी आलीस, कपाटात एक्स-रे सापडला, आणि पडून मोडलेलं हाड आणि पिरगळून मोडलेलं हाड वेगळं दिसतं, हे तुला तोवर कॉलेजात शिकवलं होतं. त्या दिवसापासून तू घरी जेवलीस की ताट माझ्याआधी उचलून आत जायचीस. ते माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, अभ्यास असेल.

ज्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं त्यांनी काही विचारलं नाही. मी सांगितलं ते त्यांनी लिहून घेतलं. आता तू त्यांच्याहून मोठी डॉक्टर झालीस का?

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे. रागात लिहिलं गेलं.

बाथरूममध्ये पाणी सांडलेलं होतं, हे खरं आहे.

मी तुझ्यासाठी कंदी पेढे आणले होते. कोर्टाच्या व्हरांड्यात तू आणि आई बाकावर बसला होता. मी पुडा घेऊन आलो, तशी तू उठलीस. मला वाटलं, घ्यायला उठलीस. तू आईच्या पुढ्यात येऊन उभी राहिलीस. मधे. हात दोन्ही बाजूंना थोडे पसरून, जसं रस्त्यावर लेकराला गाडीपासून मागं धरतात. किती वाळली आहेस. रात्रपाळ्या फार देतात का?

पेढे घरी आणून फ्रीजवर ठेवले. मुंग्या लागल्या.

तुझे पप्पा


मुक्काम गावी, १० मार्च २०२४

राजेश्वरी,

या पत्रावरचा पत्ता बघून तुला कळेल. मी आबांकडे गावी आहे.

हुकूम झाला तो तुला माहीत आहे. मी पंधरा दिवसांत घर सोडायचं. वकिलांनी वरच्या कोर्टात अपील टाकलं, पण स्थगिती मिळाली नाही. पंधरा दिवस मी काय केलं सांगतो. गेटला रंग दिला. टाकीला बारीक चीर होती, ती बुजवली. तुझ्या आईच्या खोलीची खिडकी पावसाळ्यात फुगते, ती रंधा मारून नीट बसवली. मी खिडकीपाशी होतो तेवढा वेळ ती रेश्माकडे जाऊन बसली. माझ्या मनात असं होतं की घराचं काम करणाऱ्या माणसाला कुणी काढत नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी दहाला कोर्टानं नेमलेल्या संरक्षण अधिकारी मॅडम आल्या. बरोबर एक हवालदार आणि एक महिला शिपाई. हवालदार भला माणूस होता. म्हणाला, साहेब, माझे वडीलबी फौजेतच होते, माझ्यावर वेळ आणू नका. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

सामान भरलं. काळी ट्रंक, बिस्तरा, पदकांची पेटी, स्टोव्ह. तासात झालं. जवळजवळ पाच वर्षं सलग राहून त्या घरात माझं एवढंच होतं. बदलीला निघताना जेवढं असायचं तेवढंच. भिंतीवर माझा एक फोटो होता, तो मी काढला नाही. तिनं आता काढला असेल.

मग मॅडमनी किल्ल्या मागितल्या. मी खिशातला जुडगा दिला. त्यांनी एकेक किल्ली कशाची म्हणून विचारलं आणि कागदावर लिहून घेतलं. गेट, पुढचं दार, मागचं दार, मोटरची पेटी, धान्याची खोली, कपाट. एका किल्लीला मी गप्प राहिलो. त्यांनी पुन्हा विचारलं. तुझी आई भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "ती माझ्या खोलीची हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हंजी तुमच्याकडं बी होती."

राजेश्वरी, मी ती कधी वापरली नाही. हे तू मानशील की नाही मला माहीत नाही. माझ्या घरातल्या प्रत्येक कुलपाची किल्ली माझ्याकडे असावी, एवढंच डोक्यात होतं.

हवालदार ट्रंक उचलू लागला, तेव्हा मी तिला म्हटलं. सगळ्यांच्या देखत म्हटलं, लाज सोडून. म्हटलं, मी पुढच्या खोलीत पडून राहीन, मोटरची पेटी काढून टाकतो, तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही.

"तुमी न बोलताबी घरभर असता," ती म्हणाली. मग म्हणाली, "पंधरा वर्षं मी आन राजी दोघीच होतो हितं. दार ढकलून झोपायचो. तवा कवा भ्या वाटलं न्हाई. तुमी राखण कराय आला आन भ्या वाटाय लागलं."

मॅडम खाली कागदाकडे बघत होत्या. मी सही केली.

रिक्षा वळेपर्यंत मागं बघितलं. तिनं गेट लावलंसुद्धा नाही. उघडंच होतं.

आबांनी तुझ्या आजोबांची खोली दिली आहे. पेंडीची पोती होती ती हलवली. वहिनी दोन वेळा ताट वाढून देतात. त्या काही विचारत नाहीत, ते जास्त अवघड जातं.

तुझे पप्पा


कोयनानगर, २२ जुलै २०२४

राजेश्वरी,

आबांकडचं राहणं संपलं. आता कोयनानगरला एका विश्रामगृहावर राखणदार म्हणून लागलो आहे. राहायला मागं खोली आहे. पंधरा दिवस ऊन दिसलेलं नाही, कपडे अंगावरच वाळतात. इथवर एसटी घाटातून येते, कधी येते, कधी दरड पडली की येत नाही.

आबांकडून का निघालो ते तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. तिथं मी नीट राहायचं ठरवलं होतं. पण पुतण्याची बायको नवी, ती दिवे चालू ठेवून परसात जायची. मी विझवायचो. गुरांचं पाणी वेळेवर व्हावं म्हणून भिंतीवर वेळापत्रक लावलं. दुधाची किटली कुणी कुठंही ठेवायचं, तिला मी जागा ठरवून दिली. मे महिन्यात एकदा पुतण्या बाहेर होता, आणि मी आठला वाड्याच्या दिंडीला कडी घातली. आबांनी उठून कडी काढली. मला पायरीवर बसवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "जोत्या, हे घर हाय रं, पलटण न्हाई. तुला कवा कळणार?" मी म्हटलं, सुनेनं तक्रार केली का? ते म्हणाले, "ती कशाला करंल? ती रडती."

दुसऱ्या दिवशी निघालो. त्यांनी राहा म्हटलं नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुला ठाऊकच असेल. एप्रिलपासून मी दर शनिवारी साताऱ्याला यायचो. आपल्या घरासमोर कोपऱ्यावर ती चहाची टपरी आहे ना, तिथं बसायचो. कुणाला काही करायला नाही. बायका पुन्हा येऊ लागल्या होत्या, ते दिसायचं. हॉलमधून मशीनचा आवाज यायचा. तुझ्या आईनं गुलाबी रंगाचे पडदे लावले. एकदा हसण्याचा आवाज आला आणि तो तिचा आहे, हे मला पटकन ओळखता आलं नाही. पाचव्या की सहाव्या शनिवारी तिनं मला पाहिलं. त्यानंतर पडदे दिवसाही ओढलेले असायचे, आणि बायका यायच्या थांबल्या. तरी मी आणखी दोन शनिवार गेलो. मग पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. आता गोडोलीच्या त्या रस्त्यानं मी जायचं नाही, असा कागद आहे.

हे लिहिताना मला असं वाटतं की मी कुठल्या तरी दुसऱ्याच माणसाची चौकशी लिहून काढतो आहे. पलटणीत अशा चौकश्या मी लिहिल्या आहेत. जवानानं अमुक केलं, मग तमुक केलं. शेवटी लिहायचो, जवानास चूक मान्य आहे.

त्या दोन हजार एकवीसच्या मे महिन्याचं लिहितो. आष्ट्याहून दुपारी आप्पासोचा फोन आला, आईचा श्वास लागलाय, अक्काला पाठवा. मी म्हटलं, पास नाही, रस्त्यात अडवतील, शिवाय तिकडं साथ. ती म्हणाली, मी चालत जाईन. मी म्हटलं, बाहेर पाऊल टाकायचं नाही. खरं सांगायचं तर पास काढता आला असता. तालुक्याला माझ्या ओळखीचा माणूस होता. मी नाही म्हटलं होतं, आणि नाही म्हटल्यावर नाही, एवढंच होतं त्यात. गेटची किल्ली माझ्या हातात होती. ती घ्यायला आली. माझी बोटं उलगडायला लागली, एकेक करून, लहान पोराची उलगडतात तशी. मी तिचं मनगट धरलं आणि फिरवलं. आवाज आला. ती ओरडली नाही. खाली बसली आणि म्हणाली, "आता तरी सोडा, आईकडं जाऊ द्या."

तेव्हाही मी गेट उघडलं नाही. दवाखान्यात न्यायला उघडलं, संध्याकाळी. गाडीत मीच तिला सांगितलं, काय सांगायचं ते. बाथरूममध्ये पाणी मी नंतर ओतलं.

आजी दुसऱ्या दिवशी गेल्या.

तू एक्स-रेवरून जे ओळखलंस ते बरोबर आहे. तुला चांगलं शिकवलं आहे.

तुझे पप्पा


कोयनानगर, १८ जानेवारी २०२५

राजेश्वरी,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तरी तुझं नाव वर लिहिल्याशिवाय मला पुढं लिहिता येत नाही.

परवा कोर्टात शेवटची तारीख झाली, ते तुझ्यासमोरच झालं. अपील मी आधीच मागं घेतलं होतं. वकील चिडले, म्हणाले, अजून चार वर्षं काढता आली असती. घटस्फोटाला दोघांची संमती, घर तिच्याकडे. न्यायाधीश मॅडमनी विचारलं, संमती स्वखुशीनं देताय का, कुणाचा दबाव आहे का. मी म्हटलं, दबाव नाही, पण मला एक सांगायचं आहे. हात मी मोडला होता. त्यांनी कागदातून वर बघितलं. म्हणाल्या, तुमची दोघांची संमती झाली आहे, आता त्याची इथं आवश्यकता नाही. कारकुनानं पुढची फाइल काढली. सही करायच्या जागांवर पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या होत्या, तेवढ्याच ठिकाणी मी सह्या केल्या.

बाहेर तुझ्या आईला म्हटलं, मी सांगितलं आत. ती म्हणाली, "ऐकलं. मला ते ठाऊकच हाय. मला कशाला सांगता?" आवाजात राग नव्हता. तिचा डावा हात थंडीत दुखतो का, विचारणार होतो. विचारायचा अधिकार कुठल्या कागदात राहिला आहे, हे कळलं नाही.

आप्पासो मला आवाराच्या फाटकापर्यंत सोडायला आला. त्यानं सांगितलं, अक्का घर इकती. मी विचारलं, का? आता तर तिचं झालं. तो म्हणाला, "झोप लागत न्हाई तिला तिथं. गेट वाजलं की उठून बसती. मांजर गेलं तरी उठती. आष्ट्याला दोन खोल्या बघितल्यात." वर्षभर कोर्ट करून तिनं मला बाहेर काढलं. आणि मी निघालोच नाही तिथून. मी आप्पासोला म्हटलं, तिला सांग मी कोयनेला असतो, इतक्या लांब. तो म्हणाला, ठाऊक हाय तिला.

आणि मग तू आलीस. एकटी. मला वाटलं नव्हतं तू येशील. माझ्यापासून चार हात लांब थांबलीस. दोन वर्षांत पहिल्यांदा तुझा आवाज ऐकला. म्हणालीस, "पप्पा, पत्रं पाठवू नका. हॉस्टेलवरच्या मावशी पाकीट आणून देतात ना, तेव्हा माझे हात कापायला लागतात. मग मला ड्यूटीवर शीर सापडत नाही."

मी म्हटलं, वाचलीस का ती?

"सगळी वाचली," तू म्हणालीस. "शेवटचं पण वाचलं."

मी वाट बघत होतो. तू आणखी काही बोलशील असं वाटलं. तू ओढणी सारखी केलीस आणि मामाच्या गाडीकडे गेलीस. पप्पा म्हणालीस, तेवढं मी येताना एसटीत घाट संपेपर्यंत धरून होतो. मग लक्षात आलं, दुसरं काय म्हणणार होतीस? तोंडात बसलेली हाक आहे.

मी लिहीत होतो तेव्हा मला वाटायचं, मी दारात शांत उभा आहे, ती उघडेल तेव्हा उघडेल. दारात उभा राहिलेला माणूस आतून कसा दिसतो, हे मला माहीत नव्हतं. हॉस्टेलच्या पत्त्याचा कागद चुलीत घातला. पाठ आहे, त्याला इलाज नाही.

आज दुपारी इथं भूकंपाचा धक्का बसला. तीनच्या सुमारास. इथल्या लोकांना त्याची सवय आहे, तरी भांडी वाजली की सगळे घराबाहेर पडतात. मी जेवत होतो. पत्रा वाजला, ताट सरकलं, तसा बाहेर आलो. समोरच्या कॉलनीतली माणसं रस्त्यावर जमली होती, बाया लेकरांना कडेवर घेऊन उभ्या होत्या, जो तो आपली माणसं मोजत होता. शेजारच्या क्वार्टरमध्ये सोनिया म्हणून एक बाई राहते, तिचा नवरा धरणावर आहे. तिनं तिची दोन पोरं, सासू, सगळी बाहेर काढली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, आत कोण ऱ्हायलंय का तुमचं?"

मी मागं वळून खोलीकडे बघितलं. दार उघडंच होतं.

"न्हाई," म्हणालो. "कुणी न्हाई."